दरवानाचा स्वार्थ

पावसात स्वतः भिजत हातातल्या पार्सलावर छत्री धरणारा माणूस मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. म्हणजे... आरशात पाहिला असता. कारण त्या संध्याकाळी बसस्टॉपवर मीही तोच उद्योग करत होते.

स्टॉपला छप्पर होतं, पण नावापुरतं. पाऊस आडवा येत होता. मी अंगातला रेनकोट काढून पत्र्याच्या लांब नळकांड्याला गुंडाळला होता आणि स्वतः निथळत उभी होते. शेजारी तो. उंच, किडकिडीत, चष्म्याच्या काचांवरून ओघळ चाललेले, शर्ट पाठीला चिकटलेला — आणि छत्री मात्र काखेतल्या चौकोनी गठ्ठ्यावर अगदी नेमकी धरलेली. बाकीच्या लोकांनी आम्हा दोघांनाही वेड्यात काढलं असणार. आमची नजर एकदमच एकमेकांच्या सामानावर गेली.

"कागद?" त्याने विचारलं.

"कागद," मी म्हणाले. "तुमचा?"

"कागदच. शिवलेला."

"म्हणजे बाइंडर!"

"आणि तुमची ही लांब नळी... चित्र की नकाशा?"

"नकाशा. फार म्हातारा आहे हो. मला सर्दी झाली तर दोन दिवस शिंकेन. याला झाली तर संपलंच."

तो हसला. हसताना त्याचा चष्मा नाकावरून घसरला आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे तसाच लटकत राहिला. मला तो वर सरकवावासा वाटला. अनोळखी माणसाचा चष्मा! मी मुकाट्याने रस्त्याकडे पाहिलं.

आता आमच्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. जुने कागद, नकाशे, पुस्तकं दुरुस्त करणारी आम्ही माणसं जगात मोजकी. एका शहरात एखाददुसरा. गव्हाच्या सत्त्वाची खळ आज पातळ का झाली, हे विचारायला शेजारी कुणी नसतं. म्हणून आमची एक मेलिंग लिस्ट आहे. एकाने ईमेल टाकली की ती सगळ्यांना जाते, मग जो तो आपापलं शहाणपण पाजळतो. माझं निम्मं शिक्षण त्या लिस्टवर झालं.

"लिस्टवर आहात?" त्याने विचारलंच.

"आहे तर! आणि आज सकाळपासून तिच्यावर खार खाऊन आहे." कुणीतरी आपल्या धंद्यातलं भेटलं म्हटल्यावर माझं तोंड सुटलं. "माझी नोकरी जातेय. कुठे जागा असेल तर कळवा, एवढंच विचारलं मी लिस्टवर. तर तिथे तो एक दरवान बसलाय ना... प्रत्येक मेल वाचून मग आत सोडणारा... त्याने परत पाठवली! म्हणे, 'ही लिस्ट कामाच्या चर्चेसाठी आहे, नोकऱ्यांसाठी नाही. सस्नेह परत.' स्नेह कसला डोंबलाचा!"

त्याने छत्री उगीच सरळ केली. "त्यालाही वाईट वाटलं असेल."

"वाईट वाटणारा माणूस खाली 'लोभ असावा' लिहितो का?"

"लोभ असावा नव्हतं लिहिलं," तो हळूच म्हणाला. "राग नसावा, असं लिहिलं होतं."

मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. पावसाचा आवाज एकाएकी फार मोठा झाल्यासारखा वाटला.

"तुम्ही..."

"दरवान," तो म्हणाला.

तेवढ्यात माझी बस आली म्हणून वाचला. मी चढले आणि मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. खिडकीतून पाहिलं, पण ते वळून पाहणं नव्हे.

माझी नोकरी जात होती हे खरं होतं. शहरातल्या जुन्या ग्रंथालयाच्या तळघरात दुरुस्तीची एक खोली होती. एक लांब टेबल, एक नळ, ब्रशांचा डबा आणि मी. पाऊस संपला की ती खोली बंद होणार, असं साहेबांनी मला चहा पाजून सांगितलं होतं. घरी दादाचा जीव भांड्यात पडला. त्याचं फरश्यांचं दुकान आहे. वहिनीने काउंटरमागे माझ्यासाठी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती, पाठीला उशी लावून.

"चिमणे," दादा म्हणाला, "त्या कुबट खोलीत काय राहिलंय? आमच्याकडे बस. गिऱ्हाइकाला रंग दाखव. तुला रंगातलं कळतं."

फरश्यांवर माझा राग नाही. दादावर तर मुळीच नाही. तो मला तळहातावरच्या फोडासारखं जपतो. पण ओला नकाशा टेबलावर पसरताना त्याच्या सुरकुत्या बोटांखाली एकेक करून निवळतात, तेव्हा मला जे होतं... ते मला फरशीकडे पाहून होणार नव्हतं. ती खुर्ची दिसली की मी दुकानाच्या दारातूनच परतायचे. आणि आमच्या धंद्यात नोकऱ्या कधी जाहीर होत नाहीत. कुणाचे तरी गुरुजी कुणाला तरी फोन करतात आणि जागा भरते. माझ्यासाठी फोन करणारं कुणी नव्हतं. मी एक छोटा अभ्यासक्रम करून आणि लिस्ट वाचून शिकलेली.

घरी आले तर त्याची मेल आलेली होती. लिस्टवर नाही, फक्त मला. "नकाशा कोरडा आहे ना?"

मी लिहिलं, "नकाशा कोरडा. मी ओली. राग तापलेला."

लगेच उत्तर. "नियम पटत नसेल तर लिस्टवर तसं लिहा. नोकरी मागायला बंदी आहे, भांडायला नाही. मी आत सोडीन."

सोडीन म्हणे! मी त्याच संध्याकाळी लिहून टाकलं — नोकऱ्यांच्या जाहिराती आपल्या लिस्टवर का येऊ नयेत? कानोकानी जागा भरतात आणि ज्यांचे कान दारापासून लांब आहेत ती माणसं धंदा सोडून जातात. चार ओळी जाहिरातीच्या वाचल्याने कुणाची खळ नासणार आहे का?

सकाळी पाहते तर लिस्टवर रणकंदन. एक म्हणे, उद्या रोज पन्नास जाहिराती येतील आणि खळीबद्दल कुणी बोलणार नाही. दुसरी म्हणे, विषयात 'नोकरी' लिहा, ज्याला नको त्याने उघडू नये. एका आजोबांनी दोन्ही बाजूंनी लिहिलं. आणि दरवानाने स्वतः लिहिलं ते मला सर्वांत झोंबलं, कारण त्यात अर्थ होता. लिस्टवर दर शुक्रवारी 'फसलं' नावाचा धागा निघतो. त्या आठवड्यात ज्याच्या हातून जे बिघडलं ते त्याने आपल्या नावानिशी सांगायचं. कुणी चामडं जाळलेलं असतं, कुणी शाई धुऊन टाकलेली. त्यावरून बाकीचे शिकतात. त्याने लिहिलं होतं, "ज्या दिवशी नोकऱ्या देणारे इथे येऊन बसतील, त्या दिवशी आपलं काहीच फसेनासं होईल. सगळे शहाण्यासारखे बोलू लागतील. मला ते नको आहे."

मी उत्तर दिलं, "पोटाला नोकरी असली तरच माणूस पुन्हा फसायला मोकळा असतो."

लिस्टवर आमचं असं जुंपलेलं. आणि संध्याकाळी फोन.

"आज तुम्ही मला हटवादी म्हणालात," तो तक्रार करायचा. "साऱ्या जगासमोर."

"मग काय खासगीत म्हणू?"

"म्हणा ना. खासगीत ऐकायला बरं वाटेल."

"तुम्ही हटवादी आहात."

"हं... एकदा अजून."

"इश्श, काय माणूस आहे!"

"आणि तुम्ही 'अहो-जाहो' कधी सोडणार? शत्रूला कुणी इतका मान देतं का?"

"बरं. तू हटवादी आहेस."

पलीकडे एक लांब श्वास. "हे... लिस्टवरच्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा भारी होतं," तो म्हणाला. मी फोन कानाला तसाच लावून कितीतरी वेळ उगीच टेबल पुसत होते.

टेबलावरून आठवलं. घात झाला तो तिथेच.

फाटक्या नकाशाला मागून पातळ कागदाचं अस्तर लावतात. नकाशा उपडा ठेवायचा, खळ लावायची, अस्तर चढवायचं, ब्रशाने दाबायचं. पण त्याआधी टेबलावर प्लास्टिकची शीट अंथरायची असते, म्हणजे खळ झिरपली तरी टेबलाला लागत नाही. हे पहिल्या दिवशी शिकवतात. त्या दुपारी मी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला होता आणि तो मला विचारत होता, "तू हसतेस तेव्हा आधी नाकाने का हसतेस?" मी नाकाने हसत होते. अस्तर झकास बसलं. दुसऱ्या दिवशी नकाशा उचलायला गेले तर तो उठेना. शीट कपाटातच होती. दीडशे वर्षांचा नकाशा टेबलाला चिकटून बसला होता आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मी फोन केला आणि अर्ध्या तासात दरवान हजर. प्रश्न नाही, उपदेश नाही. बाह्या सरसावल्या, टीपकागद ओले केले, नकाशाच्या एका कोपऱ्यावर पसरले. खळ मऊ पडेपर्यंत थांबायचं, मग पातळ पट्टी आत सारून कणाकणाने सोडवायचं, की पुढचा कोपरा. आम्ही तीन दिवस ते करत होतो. तो आपलं दुकान बंद ठेवून यायचा. दोघांची डोकी इतकी जवळ की त्याच्या केसांना येणारा सरसाचा वास मला यायचा. एकदा पट्टी देताना बोटं बोटांना लागली. दोघांनीही ती लगेच काढून घेतली नाहीत... काम नाजूक होतं ना.

"हे शुक्रवारी लिहिणार?" त्याने विचारलं.

"लिहिणार. नियम म्हणजे नियम. फक्त फोनचं गाळीन."

"का गं? तेच तर महत्त्वाचं."

मग त्याने मला मास्तरांची गोष्ट सांगितली. मास्तर म्हणजे त्याचे गुरू, लिस्ट सुरू करणारे. सुरुवातीच्या काळात त्यांनी एक फाटलेलं पुस्तक आपल्या हातून कसं आणखी फाटलं, ते मोकळेपणाने लिहिलं. पुढे एका मोठ्या संग्रहालयात मुलाखतीला गेले तर तोच मजकूर समोरच्या टेबलावर छापून ठेवलेला. ती नोकरी हुकली. आयुष्यभर मग त्यांनी छोट्या दुकानात वह्या बांधल्या. लिस्ट त्याच्या हवाली करताना त्यांनी एकच सांगितलं होतं — नोकरी देणाऱ्यांना आत घेऊ नकोस.

"मी हटवादी आहेच," तो म्हणाला. "पण हट्ट माझा एकट्याचा नाही."

मी त्याच्याशी पुढे भांडू शकले नाही. निदान त्या दिवशी नाही. नकाशा अखंड सुटला. शुक्रवारी मी लिहिलं, आणि फोनचं गाळलं.

पाऊस संपत आला. तळघरातल्या खोलीतला निम्मा पसारा खोक्यांत गेला होता, तेव्हा एका दुपारी तो दारात येऊन उभा राहिला. चेहरा पार उतरलेला.

"काय झालं? कुणी आजारी आहे का?"

"नाही." तो आत आला, खोक्यावर बसला, परत उठला. "सकाळी लिस्टवर एक मेल आली होती. माझ्या परवानगीसाठी थांबलेली. जाहिरात आहे. दूरच्या मोठ्या शहरातल्या अभिलेखागारात नकाशा विभाग उघडताहेत. नकाशे दुरुस्त करणारी व्यक्ती हवी आहे. कायमची जागा. वाचताना वाटलं, तुझं नाव तेवढं लिहायचं राहिलंय."

माझ्या हातातला ब्रश खाली पडला. "आणि तू... परत पाठवलीस?"

"ऐक तर. नियमाप्रमाणे परत पाठवायची. बोट ठेवलं होतं बटणावर. आणि मग लक्षात आलं की मला ती परत पाठवायचीच आहे. फार मनापासून. कारण ती जागा इथून एका रात्रीच्या रेल्वे प्रवासावर आहे... आणि तू जाशील." त्याने चष्मा काढला आणि पुसायला शर्ट शोधू लागला, जणू तो अंगात नव्हता. "मला कळेना, मी हे मास्तरांसाठी करतोय की माझ्यासाठी. तू मला आवडतेस. आवडतेस म्हणजे... माझं प्रेम आहे तुझ्यावर. सरळ सांगतो. आणि असा स्वार्थी माणूस दारावर बसवू नये."

माझ्या कानांत नुसती गरम हवा भरली होती. जे ऐकायला मी रोज संध्याकाळी फोन कानाला लावत होते, ते आलं होतं आणि त्याच्यासोबत नोकरीही आली होती. कशाकडे आधी पाहू, कळेना.

"मग काय केलंस?" मी विचारलं.

"सोडली. सगळ्या लिस्टला."

"सगळ्या... अरे! मला एकटीला सांगितलं असतंस तर? गुपचूप?"

"कानोकानी?" तो म्हणाला. "तूच लिहिलं होतंस ना, ज्यांचे कान दारापासून लांब आहेत..."

असा राग आला मला! स्वतःचेच शब्द कुणी असे तोंडावर मारतं का? आता जगभरचे नकाशेवाले अर्ज करणार, माझ्यापेक्षा शिकलेले, माझ्यापेक्षा ओळखीपाळखीचे. आणि त्याच क्षणी त्या माणसाच्या गळ्यात पडावंसं वाटलं. मी फोन उघडला. जाहिरातीच्या वर त्याने लिहिलं होतं, "ही जाहिरात नियम मोडून सोडली आहे. ती अडवण्यात माझा स्वार्थ होता. ही नोकरी एका व्यक्तीला मिळाली तर ती माझ्या शहरातून जाईल, आणि ते मला सोसणार नाही. म्हणून मी दरवानाचं काम सोडतो. नियमाचं काय करायचं ते आता तुम्ही ठरवा." खाली उत्तरांची रीघ लागली होती. नियमाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. सगळ्यांना एकच हवं होतं — ती व्यक्ती काय म्हणाली?

"काय म्हणालीस?" त्यानेही विचारलं, अगदी हळू.

"आत्ता काही म्हणणार नाही," मी म्हणाले. "नोकरी नाही मिळाली म्हणून 'हो' म्हटलं, असं मला आयुष्यभर वाटायला नको. आणि तुलाही. आधी जाते, लढते. मग बोलते."

त्याने मान डोलावली. मग मुकाट्याने वाकून माझा ब्रश उचलला, धुतला आणि डब्यात ठेवला.

मुलाखतीला निघाले तेव्हा दादा स्टेशनवर सोडायला आला. गाडी सुटताना म्हणाला, "खुर्ची ठेवलीय तशीच. पण चिमणे... नाही बसलीस तरी चालेल मला." मला रडूच फुटलं.

अभिलेखागाराची खोली उंच छताची होती. टेबलापलीकडे तिघं, मधे विभागप्रमुख बाई, पांढरे केस आखूड कापलेले. बाहेर बसलेल्या उमेदवारांमध्ये मी दोन नावं ओळखली होती; दोघांची पुस्तकं माझ्याकडे होती. पाचावर धारण बसली होती माझी.

"मी तुमच्या लिस्टवर बरीच वर्षं आहे," बाई म्हणाल्या. "लिहीत कधीच नाही. शुक्रवारचं मात्र न चुकता वाचते."

आणि त्यांनी समोर एक कागद सरकवला. माझीच मेल, छापलेली. हुबेहूब मास्तरांसारखी. ज्याची दरवानाला भीती होती तेच घडलं होतं, आणि घडलं होतं माझ्याच हट्टापायी.

"नकाशा टेबलाला चिकटवला, त्या तुम्हीच?"

क्षणभर वाटलं, सारवासारव करावी. शीट फाटकी होती म्हणावं, खळ नवीन होती म्हणावं. मग म्हटलं, जाऊ दे. जायचीच असेल नोकरी तर खरं बोलून जाऊ दे.

"हो. मीच," मी म्हणाले. "आणि सोडवलाही."

"पण शीट विसरलात कशा? ते तर लहान मूलसुद्धा विसरत नाही."

"फोनवर बोलत होते."

"कामाबद्दल?"

"सुरुवात... कामाबद्दलच झाली होती."

बाईंचे दोन्ही सहकारी खोकले. बाई मात्र मोठ्याने हसल्या, खुर्ची मागे सारून उठल्या आणि म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर."

आतल्या खोलीत एका लाकडी फळीवर भला मोठा नकाशा होता. कुणीतरी पूर्वी तो फळीलाच चिकटवून टाकला होता. "सकाळपासून सगळ्यांना दाखवला," बाई म्हणाल्या. "प्रत्येकजण काय करावं ते उत्तम सांगतो. हात कुणी लावत नाही. प्रत्येकाच्या हातून म्हणे आजवर काही बिघडलेलंच नाही."

मी टीपकागद मागितला. पाणी मागितलं. बाह्या वर केल्या. कोपऱ्यावर ओला कागद ठेवला आणि थांबले. थांबणं हेच निम्मं काम असतं आणि कसं थांबायचं हे मला आता ठाऊक होतं. भीती कुठे गेली, कळलंच नाही. खळ सैल पडल्याचं बोटांना कळतं. मी पट्टी आत सारली. कोपरा अलगद उचलला गेला... आणि खालच्या कोऱ्या लाकडावर माझी सावली पडली. मागे कुणीतरी श्वास सोडला. मी मात्र नाकाने हसले, एकटीच.

निकाल आठवड्याने आला, भर दुपारी. मी ग्रंथालयातून जी निघाले ती थेट त्याच्या दुकानात. धावतच म्हणा ना. कोपऱ्यावरची फुलवाली, सायकलवाला, सगळे बघत राहिले. माझी ओढणी मागे उडत होती आणि फोन हातात गजरासारखा वाजत होता.

तो टेबलाशी उभा होता. शिकंज्यात आधीच एक पुस्तक आवळलेलं, म्हणून दुसऱ्याच्या पाठीला सरस लावून त्याने ते दोन फळ्यांमध्ये हातांनीच दाबून धरलं होतं. सोडलं असतं तर पानं सरकली असती. त्याचा फोन पलीकडे फडताळावर थरथरत होता आणि त्याला तो घेता येत नव्हता.

"काय झालं?" त्याने विचारलं. चेहरा पांढरा पडलेला.

"मिळाली!"

त्याचा चेहरा असा उजळला की मला पाहवेना. "मला माहीत होतं! मला... अगं, ये ना जवळ, हे सोडता येत नाही मला! वाच, काय लिहिलंय ते वाच!"

मी वाचून दाखवलं. बाईंनी आज पहिल्यांदाच लिस्टवर लिहिलं होतं: "आमच्या जाहिरातीला उत्तम उमेदवार मिळाला. त्याहून उत्तम तुमचा शुक्रवार. तिची चूक मी आधी वाचली नसती तर तिच्या हातात नकाशा दिला नसता." त्याखाली मास्तरांची मेल होती. ते कितीतरी दिवसांत काही बोलले नव्हते. "जाहिराती येऊ द्या," त्यांनी लिहिलं होतं. "शुक्रवार सोडून कुठल्याही दिवशी. आणि माझ्या पोराने दार योग्य वेळी उघडलं, हेही लिहून ठेवा." खाली होकारांची नुसती झड लागली होती.

त्याचे डोळे भरून आले आणि पुसायला हात नव्हते. मी माझ्या ओढणीने पुसले. चष्माही वर सरकवला.

"खरं सांग," मी म्हणाले. "त्या दिवशी मला भीती होती, तू लिस्टवर काहीतरी आचरट लिहिशील. 'पाहिजे: जीवनसाथी, पद कायमस्वरूपी' वगैरे."

"लिहिलं होतं," तो म्हणाला. "मीच नामंजूर केलं."

मी हसत सुटले. मग हसू ओसरलं आणि दुकानात सरसाचा वास आणि आम्ही दोघंच उरलो.

"कधी जायचंय?" त्याने विचारलं.

"पुढच्या महिन्यात."

"हं." त्याने फळ्या आणखी घट्ट धरल्या. "हे बघ... बाइंडरला एक खोली आणि एक खिडकी पुरते. ती त्या शहरातही मिळेल. पण तू बोलावल्याशिवाय मी येणार नाही. ते शहर तू मिळवलंयस. मी नुसता मागे मागे आलेला माणूस व्हायला नको."

मी टेबलाला वळसा घालून त्याच्या शेजारी गेले. नोकरी माझ्या हातात होती. कुणाच्या मेहेरबानीने नव्हे, साऱ्या जगाशी लढून. आता मी जे बोलणार होते त्यात भीतीचा एक कणही नव्हता, आणि म्हणून ते बोलताना मला इतका आनंद होत होता.

"बोलावते," मी म्हणाले.

"काय?"

"बोलावतेय तुला. माझंही प्रेम आहे तुझ्यावर. केव्हाचं आहे. सरळ सांगते."

तो बघतच राहिला. फडताळावरचा फोन पुन्हा थरथरला.

"ती सगळी माणसं," तो म्हणाला, "अजून विचारताहेत... ती काय म्हणाली म्हणून."

मी माझा फोन उघडला. त्याच्या त्या मेलखाली 'हो' एवढंच लिहिलं, खाली माझं नाव घातलं आणि साऱ्या लिस्टला पाठवून दिलं. मग फोन बंद करून टेबलावर ठेवला.

सरस वाळायला अजून बराच अवकाश होता. त्याचे दोन्ही हात पुस्तकात अडकलेले होते. माझे मोकळे होते.